‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ : बंदी न घालता अडवलेलं पुस्तक

पुस्तक अडवायचं तर सरकारी हुकूम लागतो, अशी आपली समजूत आहे. जप्ती, खटला, कोर्टाची मनाई असं काही घडलं की त्याची बातमी होते आणि निषेधाची पत्रकं निघतात. पण काही पुस्तकं यातलं काहीच न घडता अडतात. लेखकाचं लिहून झालेलं असतं, करार झालेला असतो आणि एके दिवशी प्रकाशक कळवतो की, आम्हाला हे जमणार नाही. कुणी धमकी दिलेली नसते. कायद्यातलं एक कलम आपल्यावर येऊ शकेल, या विचारानेच माणसं मागे सरतात.

२००३ साली अमेरिकेत असं एक पुस्तक अडलं. त्यात धर्म नव्हता, राजकारण नव्हतं, कुणाची बदनामीही नव्हती. दुकानात मिळणारा एक व्हिडिओ गेमचा डबा उघडायचा कसा आणि त्याच्या आतलं ओळखायचं कसं, एवढंच त्यात सांगितलं होतं. पुस्तकाचं नाव ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ आणि लेखकाचं नाव अँड्र्यू ह्वांग. इलेक्ट्रॉनिक्सच्या जगात त्यांना ‘बनी’ या टोपणनावाने ओळखतात. प्रकाशकाने हात काढून घेतल्यावर त्यांनी पुस्तक स्वतःच छापलं. विकत घेतलेल्या वस्तूच्या आत डोकावण्याचा आणि जे दिसलं ते लिहिण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न या घटनेतून जेवढा स्पष्ट होतो तेवढा क्वचितच कुठे होतो.

विद्या जुनी

तयार वस्तू सुटी करून तिची रचना शोधण्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. वस्तू घडवणारा आराखड्यापासून वस्तूपर्यंत जातो, हा शोधणारा वस्तूपासून आराखड्याकडे उलटा प्रवास करतो. नाव आधुनिक असलं तरी काम कारागिरांच्या रोजच्या सवयीचं आहे. बंद पडलेला रेडिओ उघडून कोणती तार कुठे जाते हे पाहणारा प्रत्येक मेकॅनिक ते करत आला आहे.

या कामाची पुस्तकं छापण्याची परंपराही जुनी आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत घरोघरी रेडिओ पोहोचले, तसे ते बिघडूही लागले. दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक कंपनीच्या सर्किटचा नकाशा हवा असे आणि तो सहजी मिळत नसे. न्यूयॉर्कच्या जॉन रायडर यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढून हे नकाशे गोळा केले आणि जाडजूड खंडांतून छापायला सुरुवात केली. पुढे या मालिकेचे २३ खंड झाले. १९४६ साली इंडियानापोलिसच्या हॉवर्ड सॅम्स यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांची ‘फोटोफॅक्ट’ मालिका कंपनीच्या कागदांवर विसंबून राहिली नाही. यंत्र प्रत्यक्ष समोर ठेवून तपासायचं, आतल्या भागांचे फोटो काढायचे, प्रत्येक भागाला क्रमांक द्यायचा, ठिकठिकाणचं व्होल्टेज मोजायचं आणि सगळ्या कंपन्यांची सर्किटं एकाच पद्धतीच्या खुणांनी रेखाटायची, असं ते काम होतं. रेडिओ आणि टीव्हीपासून सुरू झालेली ही पद्धत १९८०च्या दशकात घरगुती कॉम्प्युटरपर्यंत पोहोचली. अमेरिकेतली दुरुस्तीची असंख्य दुकानं या कागदांवर चालली.

याच सॅम्स प्रकाशनाने डॉन लँकेस्टर या लेखकाची इलेक्ट्रॉनिक्सवरची पुस्तकं काढली. १९८२च्या सुमारास आलेल्या ॲपल-२ कॉम्प्युटरवरच्या पुस्तकात लँकेस्टर यांनी दुसऱ्याने लिहिलेला मशीनच्या भाषेतला प्रोग्राम उलगडायचा कसा, याची पद्धत रंगीत पेनांनी खुणा करण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने शिकवली. पुढे लेझर प्रिंटर आल्यावर ते प्रकाशकाविना स्वतःच पुस्तकं छापू लागले. मागणी येईल तशी प्रत काढायची, अशी त्यांची रीत होती. म्हणजे वस्तू उलगडण्याची विद्या आणि ती स्वतः छापण्याची रीत, दोन्ही ह्वांग यांच्या आधीपासून रुळलेल्या होत्या.

कायदाही या विद्येच्या विरोधात नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४च्या केवानी ऑइल खटल्यात म्हटलं होतं की, बाजारातून रीतसर घेतलेली वस्तू उलगडून तिचं गुपित शोधणं हा प्रामाणिक मार्ग आहे. १९८४ साली चिपच्या आराखड्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्यातही अभ्यासासाठी आणि शिकवण्यासाठी चिप उलगडण्याची मुभा स्पष्ट शब्दांत ठेवली होती. १९९२ साली सेगा आणि ॲकोलेड या कंपन्यांमधल्या खटल्यात अपील न्यायालयाने गेमच्या यंत्राशी जुळणारं सॉफ्टवेअर बनवण्यासाठी त्याचा कोड उलगडणं रास्त ठरवलं.

एक नवं कलम

हे चित्र १९९८ साली बदललं. ऑक्टोबर महिन्यात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’ म्हणजे डीएमसीए अमलात आला. संगीत आणि सिनेमा इंटरनेटवरून फुकट पसरतील, या भीतीतून आलेला हा कायदा होता. त्यातल्या १२०१ क्रमांकाच्या कलमाने एक नवाच गुन्हा निर्माण केला. कॉपीराइट असलेल्या मजकुरावर बसवलेलं तांत्रिक कुलूप चुकवणं आणि ते चुकवण्याची साधनं लोकांना पुरवणं, या दोन्ही गोष्टी बेकायदा ठरल्या.

आतल्या मालाची चोरी झाली की नाही, हा प्रश्न इथे दुय्यम आहे. कुलूप उघडणं हाच अपराध. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पेटीचं कुलूप स्वतः उघडलं, आतलं काही कुणाला दिलं नाही, तरी कलम लागू होऊ शकतं. नफ्यासाठी जाणूनबुजून केलं तर पहिल्याच गुन्ह्याला पाच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अभ्यासकांसाठी आणि जुळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी काही सवलती होत्या, पण त्या अटींनी इतक्या बांधलेल्या होत्या की आपण त्यात बसतो की नाही हे वकिलाशिवाय कळणं कठीण.

दोन घटनांनी या कलमाचा धाक बसवला. संगीत उद्योगाने २००० साली आपल्या नव्या डिजिटल खुणा पुसून दाखवण्याचं जाहीर आव्हान दिलं होतं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पेललं. एप्रिल २००१ मध्ये ते आपला निबंध एका परिषदेत वाचणार होते. तेवढ्यात उद्योगाकडून कायदेशीर कारवाईचा इशारा देणारं पत्र आलं आणि निबंध मागे घ्यावा लागला. त्यांनी कोर्टाचं दार ठोठावलं, गाजावाजा झाला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये तो निबंध दुसऱ्या परिषदेत वाचला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह हा रशियन प्रोग्रामर लास व्हेगासच्या परिषदेत भाषण द्यायला आला होता. ॲडोबीच्या ई-पुस्तकांचं कुलूप कसं कच्चं आहे, हा त्याचा विषय. भाषणानंतर त्याला अटक झाली. पुढे डिसेंबर २००२ मध्ये ज्युरीने त्याच्या कंपनीला निर्दोष सोडलं, पण ज्यांना जो धडा मिळायचा तो आधीच मिळून गेला होता.

पेटीतलं गुपित

मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स नोव्हेंबर २००१ मध्ये बाजारात आणला. दिसायला खेळणं, पण आत सरळसरळ एक कॉम्प्युटर होता : इंटेलचा ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम-३ प्रोसेसर, ६४ मेगाबाइट मेमरी आणि हार्ड डिस्क. कंपनी हा डबा तोट्यात विकून नफा गेम्समधून मिळवणार होती. म्हणून त्याच्यावर फक्त कंपनीने मान्यता दिलेलं सॉफ्टवेअर चालावं, अशी कडेकोट व्यवस्था केली होती.

ह्वांग तेव्हा एमआयटीमध्ये डॉक्टरेटच्या अखेरच्या टप्प्यात होते. त्यांनी डबा उघडला आणि यंत्र सुरू होताना वाचला जाणारा प्रोग्राम ज्या चिपमध्ये असतो, ती चिप वाचून काढली. तिथे सुरुवातीचा कोड सापडला, पण तो चालवून पाहावा तर अर्थ लागेना. तो कोड लोकांना चकवण्यासाठी ठेवलेला होता. खरा कोड बोर्डावरच्या दुसऱ्या एका मोठ्या चिपच्या पोटात दडवलेला, अवघ्या ५१२ बाइट्सचा. बाकीचा प्रोग्राम उघडण्याची किल्लीही त्यातच होती.

चिप फोडून आतलं वाचणं खर्चिक. ह्वांग यांनी वेगळा विचार केला. किल्ली एका चिपमध्ये आहे आणि ती वापरणारा प्रोसेसर दुसरीकडे आहे, मग सुरू होताना तो कोड बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवरून वाहत जाणारच. आणि जाताना तो उघडाच असणार, कारण तो उलगडणारं काही वाटेत नाही. त्या रेषांवरून माहिती इतक्या वेगाने धावते की ती कुणी टिपू शकणार नाही, असा बनवणाऱ्यांचा भरवसा होता. ह्वांग यांनी त्या रेषांवरचा हिरवा थर खरवडला, त्यावर स्वतः बनवलेली छोटी पट्टी सोल्डर केली आणि वेगवान प्रोग्रामेबल चिपच्या मदतीने जाणारी माहिती टिपून घेतली. प्रयोगशाळेत होतं तेवढ्या सामानात, काही आठवड्यांत हे काम झालं.

मे २००२ मध्ये त्यांनी यावर निबंध लिहिला. त्यात यंत्राचं गुपित कसं उघडं पडलं हे होतं आणि शेवटी ही व्यवस्था अधिक मजबूत कशी करता येईल याच्या शिफारशीही होत्या. तरीही प्रकाशनाचा प्रश्न आला तेव्हा अडचण उभी राहिली. ह्वांग यांच्या सांगण्यानुसार, एमआयटीच्या कायदा विभागाने या कामाशी संस्थेचा संबंध नाही असं पत्र दिलं. म्हणजे मायक्रोसॉफ्टसमोर उभा राहणार तो एकटा विद्यार्थी. त्यांच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रयोगशाळेचे प्राध्यापक मात्र या पत्राने चिडले. हा निबंध प्रयोगशाळेचा अधिकृत दस्तऐवज म्हणून आम्ही काढू, असं त्यांनी ठरवलं आणि काढला. मायक्रोसॉफ्टनेही सामोपचाराचा मार्ग धरला. ऑगस्टमध्ये ह्वांग यांनी तो निबंध कॅलिफोर्नियातल्या परिषदेत वाचला.

इथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. विद्यापीठ तेच, विद्यार्थी तोच, काम तेच. एका दालनातल्या लोकांनी हात झटकले, दुसऱ्या दालनातल्या लोकांनी पाठीवर हात ठेवला. कायद्याचा मजकूर दोघांसाठी सारखाच होता.

प्रकाशकाची माघार

निबंधानंतर पुस्तकाची मागणी आली. जॉन वायली अँड सन्स या जुन्या आणि नामांकित प्रकाशनसंस्थेने ह्वांग यांना एक्सबॉक्सवर पुस्तक लिहायला सांगितलं. म्हणजे लेखक प्रकाशकांचे उंबरे झिजवत नव्हता, प्रकाशकच त्याच्याकडे आला होता.

दरम्यान वातावरण तापत होतं. एक्सबॉक्समध्ये बसवली की कुलूप निकामी करणारी ‘मॉडचिप’ बाजारात आली होती. तिच्या जोरावर काही जण त्या डब्यावर लिनक्स चालवत आणि काही जण नकली गेम्स. २००३च्या सुरुवातीला अशा चिप विकणाऱ्या एकावर कायदेशीर कारवाई झाली. फेल्टन प्रकरण ताजं होतंच. वायलीच्या लोकांना प्रश्न पडला : १२०१ कलमात कुलूप चुकवण्याचं ‘साधन’ विकायला मनाई आहे. उद्या कुणी म्हणालं की हे पुस्तकच एक साधन आहे, तर? त्यांनी पुस्तक सोडून दिलं.

या विचाराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. स्क्रू-ड्रायव्हर हे साधन, चिप हे साधन, हे कुणीही मान्य करेल. पण वाक्यं, आकृत्या आणि समासातल्या टिपा यांनाही त्याच रांगेत बसवता येईल, अशी शंका एका मोठ्या प्रकाशकाला खरी वाटली. कोणत्याही न्यायालयाने तसं म्हटलं नव्हतं. पुस्तक छापलं म्हणून कुणी त्यांच्यावर दावाही केला नव्हता. पण दाव्याचा खर्च किती येईल, याचा अंदाज त्यांना होता.

प्रकाशकाची बाजू अगदीच पोकळ होती असं म्हणता येणार नाही. शेकडो पुस्तकं काढणारी संस्था एका पुस्तकासाठी जोखीम का घेईल? मायक्रोसॉफ्टचीही बाजू होती. त्यांनी तोट्यात विकलेल्या डब्यावर नकली गेम्स चालले, तर नुकसान त्यांचं. पण नकली गेम विकणाऱ्याला शिक्षा करायला आधीचे कायदे पुरेसे होते. नव्या कलमाने चोर आणि अभ्यासक यांच्यात फरक करण्याचं काम अभ्यासकाच्याच गळ्यात घातलं. तू चोर नाहीस हे तू सिद्ध कर, आणि तेही वकिलाची फी भरून.

स्वतःच छापलं

ह्वांग यांनी पुस्तक स्वतः छापून इंटरनेटवरून विकायचं ठरवलं. तिथे दुसरा अडथळा आला. ज्या कंपनीच्या यंत्रणेतून ग्राहकांच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, त्या कंपनीनेही डीएमसीएचं कारण देऊन माघार घेतली. पुस्तक तिचं नाही, मजकूर तिचा नाही, तिचं काम फक्त पैसे घेण्याच्या खिडकीचं. भीती किती दूरवर झिरपते ते इथे दिसतं. लेखकाच्या मागे प्रकाशक असतो, त्याच्या मागे छापखाना, वितरक, दुकानदार आणि हिशेब ठेवणारा. साखळीतला कोणताही एक दुवा घाबरला तरी पुस्तक वाचकापर्यंत पोहोचत नाही. खटला भरण्याची वेळच येत नाही.

काही महिने बोलणी आणि वकिलांचे सल्ले यांत गेले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या ली टिएन यांनी साथ दिली. अखेर २००३च्या मध्यावर पुस्तक लेखकाच्या स्वतःच्या प्रकाशनाने बाहेर आलं. लोकांनी ते विकत घेतलं. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोची नो स्टार्च प्रेस ही लहान प्रकाशनसंस्था पुढे आली आणि त्याच वर्षी तिने ते आपल्या नावाने काढलं.

स्वतः पुस्तक छापण्याकडे आपण जरा खालच्या नजरेने पाहतो. कुणी छापलं नाही म्हणून स्वतःच्या खर्चाने छापलं, असं मानतो. इथे तसं नव्हतं. पुस्तकाची योग्यता प्रकाशकाने आधीच मान्य केली होती. अडलं होतं ते जोखमीवर. ती लेखकाने अंगावर घेतली, पुस्तक महिनाभर बाजारात राहिलं, आभाळ कोसळलं नाही, तेव्हा दुसऱ्या प्रकाशकाला उभं राहणं सोपं झालं. प्रत्यक्ष धोका किती हे पहिल्या माणसाने पाऊल टाकल्याशिवाय कळत नाही. स्वतःचं प्रकाशन त्या पहिल्या पावलाची जागा होतं.

पुस्तकात होतं काय?

ज्या पुस्तकाला एवढं घाबरलं गेलं, त्याची प्रकरणं पाहिली तर नवल वाटतं. सुरुवातीला डबा उघडायचा कसा, हे सांगितलं आहे. कोणते स्क्रू कुठे आहेत, कोणत्या भागाला वीज बंद केल्यावरही हात लावू नये. मग पहिला प्रयोग : पुढच्या बाजूचा दिवा काढून निळा एलईडी बसवणं. त्यातून वाचक सोल्डरिंग शिकतो. पुढे बिघडलेला पॉवर सप्लाय बदलणं. बोर्डाकडे पाहून कोणती चिप काय काम करते हे ओळखणं. मग गुप्तलेखनाची तोंडओळख आणि त्यानंतर कुठे एक्सबॉक्सच्या कुलपाची हकिगत येते. एक प्रकरण तर चक्क कायद्यावर आहे. टिएन यांनी लिहिलेल्या त्या प्रकरणात कॉपीराइट, पेटंट आणि डीएमसीए वाचकाला समजावून दिले आहेत, म्हणजे प्रयोग करणाऱ्याला आपली हद्द कळावी.

पुस्तकाचं उपशीर्षकही रिव्हर्स इंजिनिअरिंगची ओळख असंच आहे. एक्सबॉक्स त्यात उदाहरणापुरता येतो. ती यंत्रं आज अडगळीत गेली, पण पुस्तक अजून वाचलं जातं, कारण ते पाहायचं कसं हे शिकवतं. बोर्डावरची रेषा कुठून निघते आणि कुठे जाते, ती तिथून का गेली असावी, बनवणाऱ्याने काय गृहीत धरलं होतं आणि ते कुठे चुकलं, हा विचार करण्याची सवय त्यातून लागते.

अशी पुस्तकं लिहिणं मूळ शोधाहून अवघड असतं. शोध एकदा लागला की शोधणाऱ्याचं काम संपतं. लिहिणाऱ्याला मात्र पुन्हा सुरुवातीला जावं लागतं आणि हाताला जे कळलं ते शब्दांत बसवावं लागतं. सोल्डर किती वेळ तापवायचा, कोणता वास आला की थांबायचं, अशा गोष्टी कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात.

दहा वर्षांनी

जानेवारी २०१३ मध्ये ॲरन स्वार्ट्झ या २६ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने आत्महत्या केली. एमआयटीच्या नेटवर्कमधून जेस्टोर या संग्रहातले शोधनिबंध मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर फौजदारी खटला सुरू होता. ह्वांग यांना आपलं जुनं प्रकरण आठवलं. त्याच संस्थेत दहा-अकरा वर्षांपूर्वी आपण याच कड्यावर उभे होतो, आपल्या मागे प्राध्यापक उभे राहिले म्हणून वाचलो, अशा आशयाचं पत्र त्यांनी लिहिलं. त्याच वर्षी ११ मार्चला लेखक आणि प्रकाशक दोघांनी मिळून ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ स्वार्ट्झच्या स्मृतीत सर्वांसाठी मोफत खुलं केलं. कधीकाळी विकायला खिडकी न मिळालेलं पुस्तक आता कुणीही फुकट उतरवून घेऊ शकत होतं.

कलम मात्र जागेवरच आहे. जुलै २०१६ मध्ये ह्वांग आणि संगणक-सुरक्षेचे प्राध्यापक मॅथ्यू ग्रीन यांनी फ्रंटिअर फाउंडेशनच्या मदतीने अमेरिकी सरकारविरुद्ध दावा दाखल केला. १२०१ कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधा आणतं, असं त्यांचं म्हणणं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने २०२२ आणि २०२४ अशा दोन्ही वेळा ते मान्य केलं नाही. पुस्तक सुटलं, पण ज्या कायद्याने ते अडलं तो कायम राहिला.

ह्वांग मात्र लिहीत राहिले. चीनच्या शेनझेन शहरातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे चिनी भाषा न येणाऱ्या माणसाला बोट दाखवून सुटे भाग मागता यावेत, यासाठी त्यांनी २०१६ साली एक मार्गदर्शिका काढली. ती त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून स्वतःच प्रकाशित केली. २००३ साली नाइलाजाने धरलेली वाट आता त्यांनी आपणहून निवडली.

आपल्याकडे

भारतात या बाबतीत कायद्याचं चित्र वेगळं आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ क्रमांकाचं कलम प्रोग्राममागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याची मुभा देतं. त्याच्याशी जुळणारा वेगळा प्रोग्राम बनवण्यासाठी लागणारी माहिती मिळवण्याचीही मुभा देतं. तांत्रिक कुलूप चुकवण्याचा गुन्हा आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने ६५-अ या कलमात आला, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पण त्यात हक्कांचा भंग करण्याचा इरादा असण्याची अट आहे. अमेरिकी कलमात नसलेला हा एक शब्द फार मोलाचा आहे. चोर आणि अभ्यासक यांच्यातली रेघ तो आखतो. चिपच्या आराखड्यांविषयीचा आपला २००० सालचा कायदाही संशोधन आणि अध्यापनासाठी वाट मोकळी ठेवतो. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केलं.

म्हणजे आपल्याकडे अडलं आहे ते वेगळ्या जागी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली आणि गावोगावच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या पाहा. भिंगाखाली बोर्ड धरून बसलेली मुलं रोज रिव्हर्स इंजिनिअरिंग करत असतात. कंपनी सर्किटचा नकाशा देत नाही, म्हणून चालू बोर्ड आणि बंद बोर्ड शेजारी ठेवून मल्टिमीटरने एकेक रेषा तपासतात. यांतल्या अनेकांची शाळा दहावीच्या आत सुटलेली असते. आपल्या समाजातली तर कितीतरी पोरं याच कामावर घर चालवतात. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते. उस्ताद गेला की त्याने वीस वर्षांत जमवलेलं ज्ञान त्याच्याबरोबर जातं. पुढचा पोरगा तेच पहिल्यापासून शोधत बसतो.

या माणसांना कुणी कधी लिहायला सांगितलं नाही आणि आपण लिहू शकतो असं त्यांनाही वाटत नाही. ‘हे काय पुस्तकात लिहिण्यासारखं आहे का?’ हा प्रश्नच त्यांना थांबवतो. रायडर आणि सॅम्स यांनी जे छापलं ते नेमकं हेच होतं : कोणता भाग कुठे आहे, तिथे किती व्होल्टेज मिळायला हवं, मिळालं नाही तर पुढे कुठे पाहायचं. आज त्यासाठी मोठा प्रकाशक लागत नाही. मोबाइलवर काढलेले बोर्डाचे फोटो, त्यावर मराठीत घातलेल्या खुणा आणि डीटीपीच्या दुकानातून बांधून घेतलेल्या पन्नास प्रती एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

ह्वांग यांच्यासमोर कायद्याचं कलम होतं, दोन कंपन्यांची माघार होती, विद्यापीठाचं पत्र होतं. त्यांनी तरीही लिहिलं. आपल्या दुकानांतल्या कारागिरांसमोर यांपैकी एकही अडथळा नाही. त्यांच्याशेजारी बसून, ते सांगतील ते टिपून घेणारा कुणी शिकलेला माणूस हवा. लॅमिंग्टन रोडवर तो अजून फक्त सुटे भाग घ्यायला जातो.